बिचाऱ्यांची हुर्यो

जेवणं आटोपली, ताटं उचलली गेली आणि जावईबापूंनी पिशवीतून एक लालभडक जर्सी काढून टेबलावर पसरली. जर्सी इतकी चिमुकली होती की चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या सासऱ्यांना, म्हणजे चष्मेवाल्यांना, आधी तो काचा पुसायचा कपडा वाटला.

"बाळासाठी," जावई म्हणाले. "जगात आल्याआल्या घालायची. मोठ्यात मोठ्या क्लबची आहे."

बाळ यायला अजून अवकाश होता. मुलगी स्टुलावर पाय टेकवून बसली होती आणि तिच्या पोटावर पाण्याचा पेला ठेवता येतो का, याचा प्रयोग करत होती. चष्मेवाले मात्र आतल्या खोलीच्या दाराकडे बघत होते. कारण आतल्या कपाटात, लोकरी कपड्यांच्या खाली, तेवढ्याच मापाची एक जांभळी जर्सी होती. शिंप्याच्या हातापाया पडून त्यांनी ती शिवून घेतली होती आणि ती बाहेर काढायला योग्य क्षणाची वाट बघत बसले होते. तो क्षण जावयाने त्यांच्या डोळ्यांदेखत पळवला.

"आपल्या क्लबचीसुद्धा मिळते जर्सी," ते सहज म्हटल्यासारखं म्हणाले. आपला क्लब म्हणजे पुलाअलीकडचा फुटबॉल क्लब. डोक्यावरचे केस काळे होते तेव्हापासून चष्मेवाले त्याचे सेक्रेटरी होते. आता केस नव्हते, सेक्रेटरीपद होतं.

"हो की. छान आहे तुमचा क्लब, बाबा. छोटासा. गोड."

फुटबॉल क्लबला गोड म्हणणं म्हणजे पैलवानाचा गालगुच्चा घेणं. चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मोठा क्लब कशाने ठरतो, ते तरी कळू द्या."

"कप लागतात."

"आहे आमच्याकडे कप."

"सभ्य वर्तनाचा," बायको आतून म्हणाली. "तोही पुलापलीकडच्या क्लबने शिफारस केली म्हणून."

"स्टेडियम लागतं."

"बाकं आहेत."

"बाबा, ती शाळेची बाकं आहेत," मुलगी म्हणाली. "सोमवारी परत द्यावी लागतात."

"आणि पाठीराखे," जावई म्हणाले. "भर पावसात उभे राहणारे."

"पाऊस आला की आमचे पाठीराखे माझ्या दुकानात येतात. गर्दी होते."

जावई हसले नाहीत. हा त्यांचा चांगुलपणा. "ते सगळं सोडा, बाबा. खरी गोष्ट वेगळी आहे. आमच्या क्लबचं नाव काढलं की निम्मं जग शिव्या घालतं. आम्ही हरलो की अनोळखी माणसं एकमेकांना टाळ्या देतात. तुमच्या क्लबचं नाव काढलं की लोक काय म्हणतात, ठाऊक आहे?"

"काय?"

"बिचारे."

आतून भांड्यांचा आवाज थांबला, कारण बायकोने हे कालच ऐकलं होतं, दुकानाच्या पायरीवर.

"ज्या दिवशी कुणी तुमची हुर्यो उडवेल ना," जावई जर्सीची घडी घालत म्हणाले, "त्या दिवशी ही लाल जर्सी मी आपल्या हाताने कपाटात ठेवीन. मग बाळाला जांभळी घाला."

"मी साक्षीदार," मुलगी म्हणाली आणि पेला सांडला.

आता हुर्यो उडवायला कुणीतरी वैरी हवा. वैरी म्हणून निसर्गानेच एक समोर आणून ठेवला होता: पुलापलीकडचा क्लब. पुलाच्या दोन टोकांना दोन क्लब म्हटल्यावर त्यांच्यात साप-मुंगसाचं नातं असायला हवं. इथे ते जुळ्या बहिणींचं होतं. त्यांची जाळी फाटली की आमची जायची. आमचा गोलकीपर आजारी पडला की त्यांचा राखीव गोलकीपर आमच्याकडून खेळायचा, आणि एकदा तर त्याने स्वतःच्याच काकाने मारलेली पेनल्टी अडवून काकाची शाबासकी मिळवली होती. मैदानावर रेघा मारायची चुन्याची गाडीसुद्धा दोघांत मिळून एकच. डब्यात चुना भरायचा, गाडी ढकलायची, मागे पांढरी रेघ उमटत जायची. एका रविवारी आमच्या मैदानावर सामना, पुढच्या रविवारी त्यांच्या. शनिवारी गाडी पूल ओलांडायची. एवढ्या प्रेमात द्वेषाला जागा कुठे मिळणार?

तरी चष्मेवाले सोमवारी सकाळीच पूल ओलांडून गेले. पलीकडच्या क्लबचे अध्यक्ष बेकरीवाले भट्टीसमोर उभे होते. भुवयांवर पीठ होतं.

"तुमची टीम भिकार आहे," चष्मेवाले म्हणाले. रस्ताभर घोकलेलं वाक्य होतं.

"अहो, मी तेच सांगतोय सगळ्यांना," बेकरीवाले म्हणाले. "कुणी ऐकेल तर शपथ. बसा."

"तुमचा सेंटर फॉरवर्ड म्हणजे ओंडका आहे."

"माझा जावई आहे तो. ओंडका बरा. ओंडका निदान उलट बोलत नाही."

चष्मेवाल्यांनी शेवटचं अस्त्र काढलं. "तुमचा पाव शिळा असतो."

बेकरीवाल्यांचा चेहरा उतरला. त्यांनी भट्टीतून एक वाफाळता पाव काढला, कागदात गुंडाळला आणि चष्मेवाल्यांच्या हातात दिला. "यापुढे तुमच्या घरी पहिला घाणा जाईल. बरं झालं बोललात. परका माणूस बोलला नसता."

चष्मेवाले पाव छातीशी धरून परत आले. अपमान करायला गेले होते, रतीब लावून आले.

मग त्यांना गाडी सुचली. येत्या रविवारी दोन्ही क्लबांचा सामना होता, तोही पलीकडच्यांच्या मैदानावर. गाडी अलीकडे होती. ती पाठवायचीच नाही. मागितली तरी द्यायची नाही. माणूस शिव्या विसरेल, पण सामन्याच्या दिवशी कोरं मैदान दाखवणाऱ्याला जन्मभर विसरणार नाही. शनिवार उजाडायच्या आतच त्यांनी गाडी दुकानामागच्या अंगणात नेली, चुन्याचं पोतं तिच्या शेजारी ठेवलं आणि वर जुना पडदा टाकला.

शनिवारी दुपारी पलीकडून सायकल दुरुस्तीवाला आला. चष्मेवाले तेव्हा आतल्या अंधाऱ्या खोलीत एका आजींचे डोळे तपासत होते. अशा वेळी बाहेर येता येत नाही. आजींना मधेच सोडलं तर त्या पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करतात.

"बेकरीवाल्यांनी पाठवलंय," दुरुस्तीवाल्याचा आवाज आला. "गाडी आली नाही म्हणजे मोडली असणार, आणि चष्मेवाले भिडस्त, सांगणार नाहीत, म्हणाले. गुपचूप नीट करून ये, पैसे घेऊ नको, म्हणाले."

"किती काळजी घेतात बाई," बायको म्हणाली. "अंगणात आहे. पडद्याखाली."

"नको," चष्मेवाले अंधारातून ओरडले.

"नको काय?" आजी म्हणाल्या. "मला ती खालची ओळ दिसतेय. वाचू का नको?"

अंगणात ठोकाठोक सुरू झाली. गाडीला काडीचाही आजार नव्हता. पण ज्या कारागिराला दुरुस्तीला पाठवलंय, त्याने काहीच न करता परत जाणं म्हणजे त्याच्या हुन्नराचा अपमान. त्याने गाडी उघडली. प्रत्येक भाग सुटा करून पुसला. मग बादलीभर पाणी ओतून चाकं धुतली, तेव्हा शेजारचं पोतंही धुतलं गेलं. चुना फसफसला, पोत्यातून वाफा निघाल्या आणि वर्षभराच्या रेघांचा एकच लगदा झाला. शेवटी गाडी पुन्हा जोडली, तेव्हा ती मागे जायची, पुढे जायची नाही, आणि मूठभर नट शिल्लक राहिले होते.

"हे जास्तीचे होते," दुरुस्तीवाला नट बायकोच्या हातात देत म्हणाला.

चष्मेवाले हादरले. गाडी न देणं हा डाव होता. गाडी मोडणं हा अपघात. अपघाताने कुणी वैरी होत नाही, उलट भेटायला येतात. झालंही तसंच. संध्याकाळी बेकरीवाले स्वतः आले आणि त्यांनी चष्मेवाल्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"जिवाला लावून घेऊ नका. चुना नाही तर नाही. माझ्याकडे मैदा आहे."

रविवारी पलीकडचं मैदान असं दिसत होतं की बघत राहावं. बेकरीवाल्यांनी पहाटेपासून स्वतः चाळणी धरली होती. रेघा सरळ, कडा धारदार, मधलं वर्तुळ केकवर काढावं तसं. पंच होते शाळेतले चित्रकलेचे मास्तर. त्यांनी वर्तुळाभोवती एक फेरी मारली आणि डोळे मिटून मान हलवली. मास्तर फुटबॉलचे नियम थोडेफार विसरत. पण रेषेवर त्यांची श्रद्धा होती.

शिट्टी वाजली. बेकरीवाल्यांचा ओंडका पहिल्याच धावेत घसरला. आणि मग कबुतरं आली.

आधी एक आलं, कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी. त्याने चव घेतली आणि बहुधा शब्द टाकला, कारण थोड्याच वेळात शाळेच्या छपरावरची सगळी बिरादरी मैदानात उतरली. कबुतरं शिस्तीत रेघेवरून चालत खात होती. बाजूची रेघ संपवून ती वळली आणि पेनल्टी बॉक्सला लागली. बेकरीवाले हातवारे करत धावले. कबुतरं उडाली, त्यांचं कौतुक केल्यासारखी त्यांच्याच डोक्यावरून एक चक्कर मारून परत पंगतीला बसली.

उरलेला मैदा मध्यंतरानंतरच्या भुरभुर पावसाने ताब्यात घेतला. रेघांची कणीक झाली. ती बुटांना चिकटली आणि खेळाडू उंच होत गेले. अलीकडचा कप्तान, धंद्याने प्लंबर, चिखलपाण्यात आयुष्य गेलेला, तेवढा एक नीट पळत होता. तो बॉल घेऊन गोलकडे निघाला. पलीकडच्या बचावपटूने त्याला अडवायला पाय उचलला. बूट कणकेत राहिला, पाय पुढे आला, आणि दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून कोसळले.

"बॉक्सच्या बाहेर," पलीकडचे म्हणाले.

"आत," अलीकडचे म्हणाले.

सगळे मास्तरांकडे बघू लागले. मास्तर जमिनीकडे बघत होते. तिथे आत नव्हतं, बाहेरही नव्हतं. नुसतं गवत होतं आणि एक तृप्त कबुतर. मास्तरांनी डोळे मिटले. सकाळचं ते चित्र त्यांनी मनात पुन्हा काढलं, उजवीकडून डावीकडे, हात हवेत फिरवत. मग डोळे उघडून त्यांनी बोट दाखवलं. "रेषा इथून जात होती. सुंदर रेषा होती. आत."

पेनल्टी. प्लंबरने गोल केला. तेवढ्यावर सामना संपला. अलीकडच्या क्लबने पलीकडच्यांना त्यांच्या मैदानावर शेवटचं कधी हरवलं होतं, हे आठवणारा माणूस चष्म्याच्या दुकानात येण्याच्या पलीकडे गेला होता.

टाळ्या पडल्या. दोन्हीकडून पडल्या, हेच तर दुखणं. बेकरीवाले ओल्या भुवयांनी हात पुढे करून आले. "शाब्बास. तुमची गाडी मोडली नसती तर—"

"गाडी कुठे मोडली होती?" गर्दीतून सायकल दुरुस्तीवाला म्हणाला. हरलेल्या दिवशी माणसाला आपली बाजू मांडावीशी वाटते. "मी उघडली तेव्हा ठणठणीत होती. नुसती लपवून ठेवली होती, पडदा टाकून."

बेकरीवाल्यांचा हात हवेतच राहिला. "लपवून?"

चष्मेवाल्यांना पळवाट होती. ऊन लागू नये म्हणून पडदा टाकला म्हटलं असतं, तर या भल्या माणसाने पटवून घेतलं असतं, वर आणखी एक पाव दिला असता. समोर वर्षानुवर्षांचा स्नेह हात पुढे करून उभा होता. आणि कपाटात, लोकरी कपड्यांखाली, जांभळी जर्सी होती.

"लपवली होती," चष्मेवाले म्हणाले.

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

बेकरीवाल्यांनी हात मागे घेतला. पलीकडच्या बाकांवर कुजबुज झाली. ही बातमी बाकाबाकावरून मागे सरकत गेली, आणि मागच्या बाकावरून, कुठल्याशा आजोबांच्या थरथरत्या आवाजात, आधी विचारल्यासारखं आलं:

"हुर्यो?"

कुणी अडवलं नाही, तशी ती दुसऱ्याने उचलली, मग दहांनी. सवय नसल्यामुळे सुरुवातीला सूर लागत नव्हता. पण लवकरच अख्खं मैदान एका आवाजात हुर्यो उडवू लागलं. जांभळ्या जर्सींकडे बघून कुणीतरी "वांगी" म्हणालं आणि ते तर सगळ्यांना फारच आवडलं. "वांगी, वांगी," म्हणत माणसं पुलापर्यंत मागे आली. खेळाडू माना खाली घालून चालले होते. चष्मेवाले मात्र सर्वांत शेवटी, सावकाश, ताठ मानेने पूल ओलांडत होते. मधे एकदा बुटाची नाडी सुटल्याचं निमित्त करून थांबलेसुद्धा, म्हणजे दोन ओळी जास्त ऐकू याव्यात. वांगी. त्यांच्या क्लबला टोपणनाव मिळालं होतं.

घरी हे कुणालाच पटलं नाही. "हुर्यो उडवली, ते मी ऐकायला नव्हतो," जावई म्हणाले. "तुम्ही सांगाल ते खरं, पण विजयाच्या भरात माणसाला काहीही ऐकू येतं." सकाळचा पावही बंद झाला. बायको रोज रिकामी बशी चष्मेवाल्यांसमोर ठेवायची आणि म्हणायची, "घ्या. मोठा क्लब खा."

आठवडाभरात मात्र जावई पलीकडच्या बेकरीतून घरी आले ते लाल होऊन. अंगातली जर्सी लालच होती. आता चेहराही तिच्याशी जुळत होता.

"पाव दिला नाही मला," ते दारातूनच म्हणाले. "अंगावर एवढ्या मोठ्या क्लबची जर्सी, तिच्याकडे ढुंकून बघितलं नाही कुणी. रांगेतला एक म्हातारा म्हणतो, हा वांग्यांचा जावई. आणि अख्ख्या रांगेने हुर्यो उडवली. लहानथोर सगळ्यांनी. समजतात कोण स्वतःला? कबुतरं पाळता येत नाहीत, रेघ मारता येत नाही, आणि आपल्याला वांगी म्हणतात."

"कुणाला?" चष्मेवाल्यांनी हळूच विचारलं.

"आपल्याला."

मुलीने आईकडे बघितलं. आईने बशी उचलली. जावयांच्या तोंडून काय निघून गेलं ते त्यांना जरा उशिराच कळलं. पण शब्दाचे पक्के. त्यांनी ती चिमुकली लाल जर्सी मागून घेतली, आपल्या हाताने कपाटात ठेवली आणि विचारलं, "पुढचा सामना कधी आहे?"

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच बेकरीवाले आले. इकडेतिकडे बघून सरळ अंधाऱ्या खोलीतल्या खुर्चीत जाऊन बसले. "अंधुक दिसतं," ते म्हणाले. चष्मेवाल्यांनी त्यांच्या नाकावर काचांची चौकट ठेवली आणि अक्षरांचा तक्ता उजळला. अंधारात माणसाला खरं बोलणं सोपं जातं. काचा बदलता बदलता त्यांनी सगळं सांगून टाकलं: जावई, जर्सी, बिचारे, सगळं.

"म्हणजे नातवंडापायी माझं मैदान कबुतरांना घातलंत," बेकरीवाले म्हणाले.

"घातलं. माफ करा."

"ही काच बरी, की आधीची?"

"ते मी विचारायचं असतं."

बेकरीवाल्यांनी चौकट नाकावर वर सरकवली. "खरं सांगू? भांडण मिटवायला आलो होतो. पण या रविवारी आमचा सराव बघायला माणसं आली. सराव, चष्मेवाले. आमची सून, जिला बॉल गोल असतो एवढंच माहीत होतं, ती विचारते, वांग्यांना कधी चिरायचं? माझा ओंडका पहाटे उठून पळतो. इतकी वर्षं आमच्याकडे बघून लोक काय म्हणायचे, ठाऊक आहे?"

"बिचारे?"

"तेच. तेव्हा मी म्हणतो, मिटवायची घाई नको."

"चारचौघांत बोलायचं नाही?"

"ओळखसुद्धा दाखवायची नाही. पण एक आहे. वैर काय कुणाशीही करता येत नाही. सांभाळायला विश्वासाचं माणूस लागतं." त्यांनी अंधारातच हात पुढे केला आणि या वेळी तो हवेत राहिला नाही. जाताना कोटाच्या आतून एक कागदात गुंडाळलेला पाव काढून त्यांनी खुर्चीवर ठेवला. तेव्हापासून चुन्याची गाडी, आता नीट झालेली, शनिवारी बेकरीच्या टेम्पोतून, मैद्याच्या पोत्यांखाली लपून पूल ओलांडते. हे चारच लोकांना माहीत आहे, आणि त्यांतला सायकल दुरुस्तीवाला उरलेल्या नटांची गोष्ट बाहेर पडू नये म्हणून गप्प बसतो.

नात झाली. जांभळ्या जर्सीत ती हुबेहूब वांग्यासारखी दिसायची आणि चष्मेवाल्यांना हे कुणी म्हटलं की ते आभार मानायचे. पहिल्या मोकळ्या संध्याकाळी त्यांनी तिला बाबागाडीत घालून पुलावर नेलं. बरोबर जावई होते, तेही जांभळ्यात.

समोरून बेकरीवाले येत होते, मागे पलीकडची दोन-चार माणसं. पुलाच्या मधोमध गाठ पडली. ठरल्याप्रमाणे चष्मेवाल्यांनी नदीकडे तोंड फिरवलं. बेकरीवाले बाबागाडीपाशी थांबले. आत वाकले. एवढंसं तोंड, एवढ्याशा मुठी, आणि जर्सी गुडघ्यांपर्यंत आलेली. क्षणभर त्यांच्या भुवया विरघळल्यासारख्या झाल्या. मग मागची माणसं बघताहेत हे आठवून ते सावरले, आणि बाळाची झोप मोडू नये अशा बेताने, अगदी हळू म्हणाले:

"हुर्यो."

आणि निघून गेले. जावयांच्या मुठी वळल्या. "बघितलंत, बाबा? तान्ह्या बाळालासुद्धा सोडत नाहीत."

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला होता आणि ते काचा पुसत होते. बराच वेळ पुसत होते.

"मोठ्या क्लबची आहे ना ती," ते म्हणाले.